इस्त्रीच्या पिशव्या

बुधवारी सकाळी सात वाजता ग्लेनिस बॅगॉट स्वयंपाकघरात कागदी पिशव्यांना इस्त्री करत होती. तिच्या नवऱ्याच्या, म्हणजे मर्व्हच्या, शर्टाला शेवटची इस्त्री लागली ती लेकीच्या लग्नात. पण पिशव्यांचं काम ती मन लावून करायची. आधी तळहाताने सुरकुती मोडायची, मग कोमट इस्त्री, आणि पिशवीवरच्या हिरव्या एमूच्या शिक्क्यावरून तर अगदी लहान बाळाला थोपटल्यासारखी. जास्त तापली की शाई फिसकटायची आणि एमूची मान मोडायची.

"अठरा झाल्या," ती म्हणाली.

"पुरतील?" मर्व्हने टोस्टवर लोणी फासता फासता विचारलं.

"तू लोणी असं फासलंस तर काहीच पुरणार नाही. खरवड थोडं."

मर्व्हने खरवडलं. बेचाळीस वर्षांच्या संसारात कुठे वाद घालायचा आणि कुठे खरवडायचं एवढं त्याला कळत होतं.

या पिशव्या होत्या नेव्हच्या. चारशे बारा माणसांच्या वुलंबी गावात एक रस्ता, एक दारूचा गुत्ता, एक गव्हाची उंच कोठी आणि नेव्ह ट्रेसिडरचं एक दुकान. काड्यापेटीपासून घोड्याच्या जंताच्या औषधापर्यंत सगळं तिथेच मिळायचं. दुकानाच्या पिशव्यांवर नेव्हची बायको कोरल स्वतःच्या हाताने एमूचा शिक्का मारायची. मिळायचं सगळं, फक्त भाव असे की कॉफीची बरणी हातात घेतली की झोप आपोआप उडायची, प्यायची गरज नाही.

मार्च महिन्यात गावाच्या हॉलमध्ये सभा झाली, तेव्हा नेव्ह टोपी हातात घेऊन उभा राहिला होता. "तीस जूनला हिशेबाचं वर्ष संपतं," तो म्हणाला. "तोवर धंदा सुधारला तर ठीक, नाहीतर कुलूप लावतो आणि आम्ही दोघं बहिणीकडे जातो." शेजारच्या बिरींग गावाचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं होतं. तिथे आधी दुकान गेलं, मग पोस्ट गेलं, मग शाळा. आता बिरींगमध्ये तीन म्हातारे आहेत आणि त्यातले दोन एकमेकांशी बोलत नाहीत.

तेव्हा महिला मंडळाची अध्यक्ष म्हणून ग्लेनिस ताडकन उठली. पोस्टर काढायची कल्पना तिचीच. "आपलं गाव, आपलं दुकान" हे वाक्यही तिचंच. आणि फोटोला कुणी तयार होईना म्हणून कोबीचा गड्डा छातीशी धरून हसणारी बाईसुद्धा तीच. साठ पोस्टरं छापली. गुत्त्याच्या दारावर ग्लेनिस, गव्हाच्या कोठीवर ग्लेनिस, हमरस्त्यावरच्या संडासाच्या भिंतीवर ग्लेनिस.

आता पेन्शन पंधरा दिवसांनी येते आणि पाच दिवसांत जाते. विजेचं बिल, गाडीचा विमा, मर्व्हचे दात. ग्लेनिस नेव्हकडून पाव, दूध, वर्तमानपत्र आणि कोबी घ्यायची. पोस्टरवर कोबी धरल्यावर कोबी तरी तिथूनच घ्यावा लागतो. दोघं नवराबायको दोन महिने कोबीच खात होते. बाकीच्या सामानाला मात्र दर बुधवारी पंच्याऐंशी किलोमीटरवरच्या हॉल्टनच्या मोठ्या बाजारात. बुधवारी तिथे नवे सवलतीचे भाव लागतात.

अडचण एकच होती. बॅगॉटांचं घर नेव्हच्या दुकानासमोर. खिडकीत कोरल बसलेली, गुडघ्यांनी अधू, पण नजर अशी की रस्त्यापलीकडच्या बिस्किटांच्या पुड्यावरची तारीख वाचेल. आणि नेव्ह तर त्याहून वाईट. तो चांगला माणूस होता. बुधवारी मासे पकडून दमून आलेला असला तरी कुणाच्या गाडीत सामान दिसलं की धावत येऊन उचलू लागायचा. त्याच्या हातात मोठ्या बाजाराची पिशवी द्यायची म्हणजे ज्याचं घर जळतंय त्याच्याकडेच काडी मागण्यासारखं. म्हणून या एमूच्या पिशव्या. वाटेत थांबायचं, माल बदलायचा, आणि गावात शिरताना सगळं कसं आपलं गाव, आपलं दुकान.

"पाप आहे हे," मर्व्ह गाडी चालू करताना म्हणाला.

"पाप नाही, काटकसर आहे," ग्लेनिस म्हणाली. "नेव्हला कळलं तर पाप."

*

दुपारी एकच्या सुमाराला ते हॉल्टनहून परत निघाले आणि गावापासून वीस किलोमीटरवर हमरस्त्याकडेच्या थांब्यावर नेहमीच्या जागी थांबले. चार निलगिरीची झाडं, एक सिमेंटचं टेबल, एक संडास. संडासाच्या भिंतीवर कोबी धरलेली ग्लेनिस हसत होती.

"ती बघ, आपल्याकडेच बघतेय," मर्व्ह म्हणाला.

"तिच्याकडे पाठ करून उभा राहा आणि पिशव्या धर."

चहा गेला पिशवीत, साखर गेली, पीचचे डबे गेले. पण त्या दिवशी ग्लेनिसचा एक मोह आडवा आला होता. संडासाच्या कागदाच्या छत्तीस गुंडाळ्यांचं गाठोडं, निम्म्या किमतीत. एवढं मोठं की गाडीत त्याला पट्टा बांधून मागच्या सीटवर बसवलं होतं. ते कुठल्याही एमूच्या पोटात मावणार नव्हतं.

"फोडावं लागेल," ग्लेनिस म्हणाली. "प्रत्येक पिशवीत दोन दोन."

"छत्तीस गुंडाळ्या घेऊन घरात शिरलो तर कोरल काय म्हणेल? तिला वाटेल कोबीने पोट बिघडलं."

"फोड तू."

मर्व्हने चाकू लावला आणि नेमका त्याच वेळी उत्तरेकडून वारा आला. आमच्याकडे मे महिन्यात हा वारा येतो, पेरणीआधी सगळी माती उचलून शेजाऱ्याला देतो. गाठोडं फाटलं, गुंडाळ्या टेबलावरून उड्या मारत सुटल्या. मर्व्हचा खुब्याचा सांधा नवीन बसवलेला, त्याला पळता येईना. त्याने हुशारी केली, एका गुंडाळीच्या मोकळ्या टोकावर काठी रोवली. टोक जागेवर राहिलं. गुंडाळी पुढे गेली. गव्हाच्या शेताच्या काटेरी तारेला पोचेपर्यंत तिने सगळं अंग मोकळं केलं.

"तू टोक कशाला धरलंस?" ग्लेनिस ओरडली.

"मग काय धरू?"

"गुंडाळी."

"ती पळत होती."

तेवढ्यात हमरस्त्यावरून तीन डब्यांचा लांबलचक ट्रक धडधडत गेला. त्याच्या वाऱ्याने उरलेल्या गुंडाळ्या उचलल्या आणि दोनेकशे मीटर तारेच्या कुंपणावर पांढऱ्या झालरी लागल्या. ट्रकवाल्याने भोंगा वाजवला आणि लांब जाता जाता त्याच्या रेडिओवर काहीतरी सांगताना दिसला. झाडावरचे गुलाबी काकाकुवे एकदम उडाले, मग खाली येऊन कागद चोचीत धरून पाहू लागले.

दोघं कुंपणापाशी कागद गोळा करत होते तेव्हा एक गाडी वळून थांब्यात आली. ग्लेनिसने ती धुरळ्यावरूनच ओळखली. शिर्ल, गुत्त्याची मालकीण. गावातली निम्मी गुपितं तिच्या काउंटरवर सांगितली जायची आणि उरलेली ती स्वतः सांगायची.

"काही बोलू नकोस," ग्लेनिस पुटपुटली. "मी बोलते."

शिर्ल गाडीतून उतरली. तिने कुंपण पाहिलं, पिशव्या पाहिल्या, भिंतीवरचं पोस्टर पाहिलं. "कुणाचं लग्न आहे का?" तिने विचारलं.

"मंडळातर्फे स्वच्छता मोहीम," ग्लेनिस म्हणाली. "कुणीतरी कागद टाकलाय. आम्ही उचलतोय."

"आणि पिशव्या?"

"कागद भरायला."

"पीचच्या डब्यांवरून कागद भरणार?"

मर्व्हने काठीकडे पाहिलं. एवढ्यात शिर्लच्या गाडीतून कण्हण्याचा आवाज आला. मागच्या भागात तिचा म्हातारा कुत्रा वॉली एका घोंगडीवर बसला होता, आणि भर उन्हात थंडीने कुडकुडत होता.

"आजारी आहे का गं तो?" ग्लेनिसने जवळ जाऊन विचारलं.

"नाही, नाही. वय झालं."

ग्लेनिसने घोंगडीला हात लावला आणि झटकन मागे घेतला. मग टोक उचललं. खाली गोठवलेल्या बटाट्याच्या कापांची दहा पाकिटं आणि मांस भरलेल्या पॅटिसचे चार खोके. सगळ्यांवर मोठ्या बाजाराचा लाल शिक्का.

"शिर्ल," ग्लेनिस हळूच म्हणाली, "तुझ्या दारावर पाटी आहे ना? इथलं मांस, इथली भाजी, इथलीच माणसं."

"माणसं इथलीच आहेत," शिर्ल म्हणाली. मग तिने घोंगडीखालून हात घातला आणि नेव्हच्या पिशव्यांचा जुडगा काढला. "पण तुझ्या बघ, कशा कडक. माझ्या चुरगळलेल्या दिसतात."

"इस्त्री कर. कोमट."

एवढं बोलून दोघी अशा काही हसल्या की वॉली गाडीतून उतरून मर्व्हच्या पायाशी उन्हात जाऊन बसला. आता हातांची संख्या वाढली होती. शिर्ल कुंपणावर चढून कागद काढू लागली, ग्लेनिस खालून गुंडाळू लागली, मर्व्ह बसल्या जागेवरून सूचना देऊ लागला.

दहा मिनिटांनी निळा दिवा लुकलुकत पोलिसांची गाडी आली.

वुलंबीचा पोलीस एकच, लॉकी. वय सत्तावीस. लहानपणी तो शाळेत जाताना रस्ता ओलांडायचा तेव्हा हातात 'थांबा' लिहिलेली पाटी धरून ग्लेनिस उभी असायची. त्यामुळे सगळ्या गावाला नावाने हाक मारणारा हा माणूस ग्लेनिससमोर अजून आपोआप थांबायचा आणि उजवीकडे डावीकडे बघायचा.

"मिसेस बॅगॉट," तो म्हणाला, "एका ट्रकवाल्याने कळवलंय की दोन म्हातारी माणसं हमरस्त्यावर कचरा पसरतायत."

"म्हातारी कोण म्हणाला?"

"ते सोडा. दंड लागतो याला. नियम आहे."

"दंड भरायला पेन्शन उरली असती तर मी छत्तीस गुंडाळ्या निम्म्या किमतीत घेतल्या असत्या का?" ग्लेनिस बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

लॉकीने टेबलाकडे पाहिलं. एमूच्या पिशव्यांच्या शेजारी मोठ्या बाजाराच्या रिकाम्या पिशव्या पडल्या होत्या. त्याने पोस्टरकडे पाहिलं. पुन्हा ग्लेनिसकडे पाहिलं. लहानपणापासून ज्या बाईने पाटी खाली केल्याशिवाय कधी रस्ता ओलांडू दिला नाही, ती अशी हातात कागद घेऊन उभी.

"नेव्हला सांगू नकोस रे," ती म्हणाली. "दंड कर हवा तर. पण त्याला कळलं की ज्या बाईने पोस्टर लावलं तीच हॉल्टनला जाते, तर तो तीस जूनपर्यंत पण थांबायचा नाही. उद्याच कुलूप लावेल."

लॉकीने मान हलवली. "आधी कागद तर उचलू. हातमोजे आणतो," तो म्हणाला आणि त्याने गाडीचा मागचा भाग उघडला. उघडला आणि लगेच लावला. पण शिर्ल गुत्ता चालवते, एका क्षणात कुणाच्या ग्लासात किती उरलंय ते तिला कळतं.

"लॉकी, पुन्हा उघड."

"सरकारी सामान आहे."

"सरकार नाश्त्याला चोको फ्लेक्स खातं का?"

लॉकीचे कान लाल झाले. पोलिसाची नोकरी लागली तरी कान शाळेतलेच होते. "बायकोने यादी दिली," तो म्हणाला. "बाळाचं सामान तिकडे निम्म्याने स्वस्त आहे. आणि नेव्ह माझ्या मुलीला दर शनिवारी फुकट गोळी देतो, त्याच्या डोळ्यांत बघवत नाही मला." मग त्याने पुढच्या सीटखालून गुपचूप पिशव्या काढल्या. एमूच्या. सात.

आता कुणी कुणाला काही बोलायचं उरलं नाही. चौघांनी मिळून कागद गुंडाळायला घेतला. काम अगदी खेळीमेळीत चाललं होतं. मर्व्हने पीचचा एक डबा फोडला आणि सगळ्यांना वाटला. एवढ्यात लॉकीच्या गाडीतला रेडिओ खरखरला. हॉल्टनच्या पोलीस ठाण्यातला माणूस बोलत होता.

"वुलंबी, ऐक. इथल्या मोठ्या बाजारातून तक्रार आहे. एक संशयित इसम. सकाळपासून सहा वेळा रांगेत उभा राहिला, दर वेळी वेगळी टोपी. तीन वेळा दाढी होती, तीन वेळा नव्हती. फक्त सवलतीचा माल उचलतो. चोरी नाही, पैसे रोख देतो, पण मॅनेजर घाबरलाय. पांढरी हौद्याची गाडी, तुझ्या दिशेने निघालीय."

"सहा टोप्या?" शिर्ल म्हणाली. "वेडा असणार."

"किंवा टोळीचा म्होरक्या," मर्व्ह म्हणाला. त्याचे डोळे चमकत होते. वुलंबीत शेवटचा गुन्हा झाला होता तो एका बकऱ्याचा, आणि तो बकरा स्वतःच परत आला होता.

लॉकीने टोपी सरळ केली. पांढरी गाडी दिसताच तो रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला आणि हात वर केला. गाडी कचकन ब्रेक लावून थांब्यात वळली. मागच्या हौद्यावर ताडपत्री घट्ट बांधलेली. आत एक माणूस, डोक्यावर मोठी गवताची टोपी, तोंडभर काळीभोर दाढी. चारही दिशांना वाढलेली अशी दाढी आमच्या भागात माणसाला नसते, मेंढ्याला असते.

"उतरा," लॉकी म्हणाला. "सावकाश. हात दिसले पाहिजेत."

माणूस उतरला. हात वर केले. फक्त भिंतीवरच्या पोस्टरकडे आणि पोस्टरखाली उभ्या असलेल्या जिवंत ग्लेनिसकडे आळीपाळीने बघत राहिला.

"नाव काय?"

माणसाने दाढी छातीत खुपसली.

"ही दाढी मी पाहिलीय," ग्लेनिस पुढे होत म्हणाली. "ही हॉलच्या ट्रंकेतली दाढी आहे. नाताळच्या नाटकासाठी ती मीच शिवलीय." आणि कुणी काही म्हणायच्या आत तिने दाढीला हात घातला आणि ओढली. अर्धी निघाली. अर्धी डिंकाने घट्ट बसली होती, तिच्याबरोबर माणसाचा गालही आला.

"आई गं, हळू ओढ ना, ग्लेनिस," दाढीवाला कळवळला.

आवाज नेव्हचा होता.

वारा पडला. टेबलावर इस्त्री केलेल्या अठरा पिशव्या, शिर्लच्या चुरगळलेल्या दहा, लॉकीच्या सात, सगळ्यांवर हिरवा एमू, आणि प्रत्येकीतून मोठ्या बाजाराचा माल डोकावत होता. नेव्हने एक पिशवी उचलली, बोटांनी चाचपली.

"ही इस्त्री केलीय," तो म्हणाला.

"कोमट," ग्लेनिसने खाली मान घालून सांगितलं.

"दोन महिने बघतोय. लोक काड्यापेटी घ्यायला येतात आणि तीन पिशव्या मागतात. कोरल म्हणाली, लोकांना झाडांची काळजी वाटायला लागलीय." तो टेबलाच्या कडेवर बसला. अर्धी दाढी गालावरून लोंबत होती. "म्हणजे सगळेच?"

ग्लेनिसला वाटलं, पोस्टरवरच्या त्या बाईने कोबी फेकून मारावा आपल्याला. शेवटी शिर्लच बोलली. तिला शांतता फार वेळ सोसवत नाही.

"सगळेच म्हणजे काय नेव्ह? तुझ्या ताडपत्रीखाली काय आहे, मासे?"

नेव्हने ताडपत्रीकडे पाहिलं. मग उठला, एक दोरी सोडली. खाली कॉफीच्या बारा बरण्या, तेलाच्या बारा बाटल्या, लोण्याचे बारा पुडे, सगळं बारा बारा.

"माझा घाऊक व्यापारी कॉफीची बरणी मला ज्या भावात देतो ना," तो म्हणाला, "त्याहून तीन डॉलर स्वस्त ती हॉल्टनमध्ये फळीवर असते. मी ती उचलतो, लाल शिक्का खरवडतो, आणि माझ्या फळीवर ठेवतो. कोरल सगळ्यांना सांगते, बुधवारी नेव्ह मासे पकडायला जातो."

"मग बाराच का?" मर्व्हने विचारलं. "हौदा तर मोठा आहे."

"एका गिऱ्हाईकाला दोनच. पाटी लावलीय तिथे. सहा टोप्या आहेत माझ्याकडे. सहा दुणे बारा." त्याने गवताची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "बारा बरण्यांवर गाव चालत नाही. कोरलचे गुडघे रांगेत टिकत नाहीत. मी ठरवलंच होतं. तीस जूनला संपलं. उगाच तुम्ही पोस्टरं लावून खर्चात पडलात."

ग्लेनिसने नजर फिरवली. कॉफीच्या बरण्यांकडे, मग स्वतःच्या पिशव्यांकडे, मग चार गाड्यांकडे. हात मात्र सवयीने कागद गुंडाळत होते.

"नेव्ह," ती म्हणाली, "तू टोप्या कशाला बदलतोस? तुला डोकी हवीत."

"म्हणजे?"

"आज आम्ही तिघांनी हॉल्टनला जाऊन यायला पेट्रोल जाळलं. तू वेगळं जाळलंस. आणि उद्या कोण कोण जाणार आहे देव जाणे. त्यापेक्षा फुटबॉल क्लबची बस घेऊ. तेवीस माणसं बसतात. प्रत्येकाने दोन दोन घ्यायचे, तुझ्यासाठी. तुझ्या पैशाने. तू फळीवर लाव."

"मी तुम्हाला विकायचा माल तुम्हीच आणायचा?"

"मग आत्ता काय चाललंय? आम्ही आणतो आणि तुझ्या पिशवीत घालतो. फक्त मधे तुझा गल्ला येत नाही, एवढंच राहिलंय."

नेव्हने अर्धी दाढी खाजवली. लॉकीने खिशातून नियमांची वही काढली, पानं उलटली आणि परत ठेवली. "प्रत्येकी दोनच घेतले तर गुन्हा नाही," तो म्हणाला. "टोप्या मात्र नकोत. मॅनेजर घाबरतो."

"मला बरणीमागे चाळीस सेंट तरी लावावे लागतील," नेव्ह हळूच म्हणाला. "वीज आहे, फ्रीज आहे."

"पन्नास लाव," ग्लेनिस म्हणाली. "आमचं पेट्रोल वाचेल ते याच्या कितीतरी वर आहे."

मर्व्ह बराच वेळ बोटं मोजत होता. "थांब," तो म्हणाला. "म्हणजे आपण आपल्याच हाताने आणलेली कॉफी नेव्हकडून पन्नास सेंट जास्त देऊन विकत घ्यायची?"

"हो."

"आणि ते स्वस्त पडतं?"

"हो."

मर्व्हने काठीवर हनुवटी टेकली. "मी शाळा लवकर सोडली, त्यात हे राहून गेलं," तो म्हणाला.

मग पाचही जण कुंपणाकडे वळले. वारा पुन्हा सुटायच्या आत कागद उतरवायचा होता. नेव्ह अर्ध्या दाढीसकट तारेवर चढला, कारण तो चांगला माणूस होता आणि दुसऱ्याचं सामान दिसलं की त्याला राहवत नसे. गुंडाळ्या काही पहिल्यासारख्या झाल्या नाहीत. ओबडधोबड, दुधी भोपळ्यासारख्या. पण छत्तीसच्या छत्तीस भरल्या. रस्त्याने जाणारा प्रत्येक गाडीवाला स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून सलाम करत होता, आणि हे पाच जण हातातल्या गुंडाळ्या उचलून उलट सलाम करत होते.

*

पुढच्या बुधवारी सकाळी आठ वाजता फुटबॉल क्लबची बस हॉलसमोर लागली. कोरल पुढच्या सीटवर, गुडघ्यांवर उशी घेऊन. शिर्लने गुत्ता दुपारपर्यंत बंद ठेवला, पहिल्यांदाच, आणि दारावर लिहिलं की माणसं इथलीच आहेत, फक्त बाहेर गेलीत. लॉकी साध्या कपड्यांत आला, बायको आणि बाळासकट, कारण बाळालाही दोन मिळतात की नाही यावर त्यांच्यात पैज लागली होती. दोन महिने ज्यांनी एकमेकांना चुकवत हॉल्टनची वाट धरली होती ते सगळे आता शेजारी शेजारी बसून, तू कुठल्या झाडामागे थांबायचास आणि मी कुठल्या, हे मोठमोठ्याने सांगत होते. संध्याकाळी नेव्हच्या फळ्यांवर कॉफीच्या सेहेचाळीस बरण्या लागणार होत्या आणि तीस जूनचं कुणी नावही काढत नव्हतं.

बाजारात ग्लेनिस रांगेत पहिली. दोन बरण्या कॉफी, दोन तेल, दोन लोणी. मागे शिर्ल, तिच्या मागे लॉकी, मग कोरल, नेव्ह, आणि पार ब्रेडच्या फळीपर्यंत वुलंबी. काउंटरवरची पोरगी नवीन होती. तिने ग्लेनिसचा माल मोजला, मग रांगेकडे मान उंच करून पाहिलं. प्रत्येकाच्या हातात दोन कॉफी, दोन तेल, दोन लोणी.

"तुम्ही सगळे एकत्र आलात?" तिने विचारलं.

"एकाच घरचे आहोत," ग्लेनिस म्हणाली.

"बाप रे. घरात माणसं तरी किती?"

ग्लेनिसने पाकिटातून नेव्हच्या नोटा काढल्या आणि एकेक करून काउंटरवर ठेवल्या.

"चारशे बारा," ती म्हणाली. "आज तेवीसच आलोय. बस लहान आहे."